खेळ थांबतो कुठे?

‘बंद कर तो खेळ!’ ही हाक जेवणाच्या वेळी आज घरोघरी ऐकू येते. पण थांबायचे कुठे, हे त्या खेळात ठरलेले असते का?

पहिल्या व्हिडिओ गेम्सना शेवट होता. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’, १९८० चा ‘पॅक-मॅन’ हे नाण्यावर चालणारे खेळ. मोजके जीव मिळत. ते गेले की खेळ खलास. दुकानदाराला पुढचे नाणे हवे असे, म्हणून खेळाडूने लवकर हरण्यातच त्याचा फायदा! ‘पॅक-मॅन’मध्ये कोणी २५६ व्या पातळीपर्यंत पोचलाच, तर यंत्राची मोजणीच कोलमडे आणि अर्धा पडदा गिचमिडीने भरून जाई.

पुढे खेळ घरात आला. १९८६ साली जपानमध्ये निघालेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’त खेळ जपून ठेवण्याची सोय होती. पुस्तकात खूण घालून ते मिटावे, तसे उठता येऊ लागले.

‘पबजी’सारख्या खेळाने ही खूण काढून घेतली. शंभर जण एका बेटावर उतरतात, फेरी अर्ध्या तासापर्यंत चालते आणि ती मध्येच थांबवता येत नाही. चौघांच्या गटातला एक उठला, तर बाकीचे तिघे उघडे पडतात. माझा नातू ‘आजोबा, एवढी मॅच संपू दे’ म्हणतो, तेव्हा ती निव्वळ सबब नसते. कॅरममध्ये राणी घेतली, कव्हर बाकी आहे, अशा वेळी कोण उठेल?

खरी मेख पुढे आहे. मॅच संपते, तोच नव्या मॅचचे बटण समोर हजर!

चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळासाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्यांच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच मुभा दिली. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्रीनंतर मज्जाव केला; २०२२ च्या प्रारंभी तो कायदा रद्दही झाला.

मी बँकेत होतो. तिथे काउंटर घड्याळाप्रमाणे बंद होई. पण रोकड जुळल्याशिवाय कॅशियरचा दिवस संपत नसे. मुलांचेही तसेच आहे. म्हणून नातवाला मी ‘बंद कर’ म्हणत नाही; ‘ही कितवी, आणि शेवटची कोणती?’ असे विचारतो. आकडा तोच सांगतो. कधी तो पाळतो, कधी कुरकुरतो. पण दोन फेऱ्यांमधल्या त्या क्षणी बटणावरचे बोट मागे घेणे त्याचे त्यालाच शिकावे लागणार आहे. तिथे आपण फक्त शेजारी बसू शकतो.