कार्ब्युरेटरची जुळणी, लेखांक सहावा : पेडल दाबल्यानंतरचा पहिला क्षण

मुख्य जेटच्या आकारावरून स्थिर वेगातील मिश्रणाचे प्रमाण कसे ठरते, याचे विवेचन मागील लेखांकात आले आहे. ते प्रमाण अचूक असूनही पेडल एकदम दाबताच इंजिन अडखळते, ही तक्रार अमेरिकी व्ही-८ इंजिनांवरील होली ४१५० या फोर-बॅरल, म्हणजे हवेच्या चार वाटा असलेल्या, कार्ब्युरेटरबाबत वारंवार ऐकू येते.

थ्रॉटलची गोल पाती एकाएकी उघडली की हलकी हवा तत्काळ आत धावते, पेट्रोल मात्र जड असल्याने मागे राहते. शिवाय सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम त्याच क्षणी ओसरतो आणि कमी दाबामुळे वाफेच्या रूपात टिकून असलेले पेट्रोल नळ्यांच्या भिंतींवर थेंब होऊन बसते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते आणि पूर्ण शक्तीसाठी हवा साधारण १२.५ ते १३ भागच असावी लागते; उलट या क्षणी मिश्रण इतके विरळ होते की ठिणगी पडूनही ते धड पेटत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी अॅक्सिलरेटर पंप असतो. थ्रॉटलच्या दांड्यावरील प्लॅस्टिकचा कॅम एक तरफ हलवतो, तरफ रबरी पडदा दाबते आणि पेट्रोलची चिळकांडी हवेच्या वाटेत उडते. कॅमच्या आकारावर ती केव्हा व किती उडेल हे अवलंबून असते, तर नॉझलच्या छिद्रावर ती किती वेगाने संपेल हे ठरते. ३१ क्रमांकाच्या नॉझलचे छिद्र ०.०३१ इंचाचे असते. चिळकांडी अपुरी पडल्यास कार्ब्युरेटरमधूनच उलटा स्फोट ऐकू येतो, अतिरिक्त झाल्यास इंजिन जडावते आणि एक्झॉस्टमधून काळा धूर निघतो. पेडल किंचित हलताच चिळकांडी सुरू झाली पाहिजे, म्हणून सुटलेल्या थ्रॉटलवर तरफेत ढिलाई नसावी. मात्र पूर्ण उघड्या थ्रॉटलवर तरफेला आणखी सुमारे ०.०१५ इंच दबण्यास वाव राहिला पाहिजे, अन्यथा पडदा फाटतो.

तरीही अडखळणे दिसताच मोठे नॉझल बसवण्याची घाई बहुधा चुकीची ठरते, कारण खरा दोष पुष्कळदा आयडलिंगच्या जुळणीत असतो. थ्रॉटलच्या पातीलगत ट्रान्सफर स्लॉट नावाची एक अरुंद उभी फट असते. पाती उघडू लागताच तिचा अधिकाधिक भाग व्हॅक्यूमखाली येतो आणि मुख्य जेट सुरू होईपर्यंत तीच इंजिनाला पेट्रोल पुरवते. शर्यतीच्या कॅमशाफ्टमुळे आयडलिंगला व्हॅक्यूम क्षीण असतो, म्हणून इंजिन बंद पडू नये यासाठी पाती स्क्रूने अधिक उघडली जाते. परिणामी फट आधीच उघडी पडते आणि पेडल दाबल्यावर तिच्याकडे वाढीव पेट्रोल देण्यास काहीच उरत नाही. ही पोकळी पंपाने झाकणे म्हणजे दोष दडवणे होय. कार्ब्युरेटर उतरवून खालून पाहिल्यास पातीखाली फटीचा जेमतेम चौरस दिसेल एवढाच भाग उघडा असावा, आणि कमी पडणारी हवा दुय्यम बाजूच्या पात्या त्यांच्या थांबस्क्रूने किंचित उघडून द्यावी. ही दुरुस्ती झाल्यावर मिश्रणाचे स्क्रू पुन्हा जुळवावे लागतात, आणि त्यानंतरही अडखळणे उरले तरच नॉझलच्या क्रमांकाला हात लावणे योग्य ठरते.

व्हॅक्यूम ओसरल्यावर उघडणाऱ्या पॉवर व्हाल्व्हचा विचार पुढील लेखांकात येईल.