मोटारगृहातील प्रवास व वाहनबिघाड : ऑस्ट्रेलियातील आयर महामार्गाच्या संदर्भात

प्रस्तावना :
निवास, स्वयंपाक व शयन यांची सोय असलेल्या मोटारगृहातून दीर्घ प्रवास करण्याची प्रथा ऑस्ट्रेलियात रूढ आहे. साधी मोटार बंद पडल्यास केवळ प्रवास थांबतो. मोटारगृह बंद पडल्यास प्रवास व निवास ही दोन्ही अंगे एकाच वेळी बाधित होतात. पर्यायी वाहतूक विरळ असलेल्या प्रदेशात या समस्येचे स्वरूप कसे असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

मार्गाचे स्वरूप :
नॉर्समन ते पोर्ट ऑगस्टा हा आयर महामार्ग सुमारे १,६६० किलोमीटर लांबीचा असून त्याचे डांबरीकरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. तो नलरबॉर या वृक्षहीन, चुनखडीच्या मैदानाच्या परिसरातून जातो. नॉर्समन व सेडुना यांमधील सुमारे १,२०० किलोमीटरच्या अंतरात मोठे गाव नाही. इंधन, भोजन व मुक्कामाची सोय असलेली रोडहाऊस हाच तेथील मुख्य आधार होय. बॅलडोनिया ते केगुना हे अंतर सुमारे १८० किलोमीटर आहे. रेल्वेमार्ग महामार्गाच्या उत्तरेस बराच दूर असल्याने अडलेल्या प्रवाशास त्याचा उपयोग होत नाही.

बिघाडाची कारणे :
मोटारगृह वर्षातील अनेक महिने उभे असते. त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर जीर्ण झालेले असते. अतिरिक्त वजनामुळे टायर, बेअरिंग व ब्रेक यांवर ताण येतो; समोरून जोराचा वारा असल्यास इंजिन तापते. येथेच खरा पेच उद्भवतो. सुरक्षिततेसाठी पाणी व सुटे भाग जवळ हवेत. परंतु १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. म्हणून पाण्यास अग्रक्रम देऊन चैनीच्या वस्तू वगळणे आणि निघण्यापूर्वी भरलेल्या वाहनाचे वजन करून घेणे इष्ट ठरते.

उपाययोजना :
१) वाहन सोडून पायी जाऊ नये. वाहन सावली देते व शोधपथकास लवकर दिसते.
२) भ्रमणध्वनीवर विसंबू नये. यूएचएफ रेडिओच्या ४० क्रमांकाच्या वाहिनीवर ट्रकचालकांशी संपर्क साधता येतो. ५ क्रमांकाची वाहिनी आपत्कालासाठी राखीव आहे.
३) ४०६ मेगाहर्ट्झचे संकटसूचक यंत्र जिवावरच्या प्रसंगीच वापरावे, निव्वळ बिघाडासाठी उपग्रह दूरध्वनी योग्य.
४) विमा घेताना वाहन ओढून नेण्याची वजनमर्यादा व अंतरमर्यादा तपासावी. ओढणाऱ्या ट्रकमध्ये संपूर्ण कुटुंबास जागा मिळेलच असे नाही.
५) कांगारूंशी टक्कर टाळण्यासाठी संध्याकाळनंतर वाहन चालवू नये.

समारोप :
सुटा भाग दूरच्या शहरातून यावयाचा असेल तर निष्णात यांत्रिकही हतबल ठरतो. अशा वेळी वाहन कार्यशाळेत आणि कुटुंब रोडहाऊसमध्ये, अशी स्थिती काही दिवस राहू शकते. म्हणून वेळापत्रकात मोकळे दिवस आणि अंदाजपत्रकात मुक्कामाची तरतूद ठेवणे आवश्यक आहे. विरळ वाहतुकीच्या प्रदेशात बिघाडाची पूर्वतयारी ही मुख्यत्वे सुरक्षितपणे प्रतीक्षा करण्याची पूर्वतयारी असते, हे यावरून स्पष्ट होते.