हवा शून्यावर नसताना दव का गोठते?

‘महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले’ अशी बातमी हिवाळ्यात अधूनमधून वाचायला मिळते. त्याच दिवशीच्या तक्त्यात महाबळेश्वरचे किमान तापमान मात्र शून्याच्या बरेच वर असते. पाणी तर शून्य अंश सेल्सिअसला गोठते. मग खरे काय?

दोन्ही खरे आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तो हवेचे तापमान सांगतो, गवताच्या पात्याचे नव्हे. निरभ्र, निवांत रात्री पाती, पाने, गाड्यांचे पत्रे आकाशाकडे अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता टाकत राहतात. हवेकडून तेवढी भरपाई होत नाही. त्यामुळे हे पृष्ठभाग हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतात. त्यातच थंड हवा जड असल्याने उतारावरून ओघळून तलावाच्या खोलगट भागात साचते. पृष्ठभाग शून्याखाली गेला की दव गोठते किंवा बाष्पाचेच थेट हिमकण होतात. तलाव मात्र गोठत नाही, कारण त्याच्या पाण्यात उष्णतेचा साठा मोठा असतो.

आपल्याकडे या तत्त्वावर बर्फही बनवत. अलाहाबादकडे उसाच्या चिपाडांनी भरलेल्या खड्ड्यांवर मातीच्या उथळ परळांत पाणी ठेवत. रॉबर्ट बार्कर यांनी 1775 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दवामागील कारण विल्यम चार्ल्स वेल्स यांनी 1814 मध्ये उलगडले.

हे तपासायला महाबळेश्वरला जायला नको. सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यासारख्या (जि. बुलडाणा) गावातही शाळेच्या आवारात प्रयोग होईल. तीन तापमापक घ्यावेत. एक उघड्या गवतावर, दुसरा झाडाखालच्या गवतावर आणि तिसरा सव्वा मीटर उंचीवर ठेवावा. सूर्योदयापूर्वी नोंदी घ्याव्यात. कोणता आकडा सर्वांत कमी येईल, याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधीच लिहून घ्यावा. ढगाळ रात्री फरक का घटतो, हेही विचारावे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. रेडिओवर तीन अंश सांगितले, तरी पान शून्याजवळ असू शकते. अशा रात्रीपूर्वी हलके पाणी दिले तर ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते. रोपांवर तट्ट्या टाकल्या तर आकाशाकडे जाणारी उष्णता अडते. मुलांच्या वहीतील आकडे घरच्या शेताच्याही उपयोगी पडतील.