पिछाडीची वही

‘नवशिक्यांसाठी सुलभ’ असे ठळक अक्षरांत बजावणारी, शनिवारी दुपारी पुण्याहून निघून रविवारी रात्री परत आणणारी, तंबूतला मुक्काम, दोन वेळचे जेवण आणि काजव्यांचे दर्शन या तिहींची एकत्र हमी देणारी राजमाचीची एक सहल माझ्या नातीने मृगाच्या तोंडावर ठरवली आणि ‘आजोबा, तुम्हीही चला ना’ असा लकडा लावला, तेव्हा मला झालेला आनंद अर्जातील वयाच्या रकान्यापर्यंतच टिकला. कारण साठीपुढील इसमास प्रवेश नाही, असे त्या रकान्याखाली बारीक अक्षरांत नमूद होते. नियम करणाऱ्यांशी माझी तक्रार नाही. डोंगरात माणसे पडतात, मागाहून चौकश्या होतात, आणि ज्याच्या शिरावर जोखीम त्याने अटी घालाव्यात हे रास्तच आहे. परंतु ज्या वाटेने मी दहा वर्षे नवशिक्यांना हाताला धरून नेले, त्या वाटेवर आता नवशिक्यांतसुद्धा माझी गणना होऊ नये, याचे शल्य चौऱ्याहत्तराव्या वर्षी लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

माझ्या गडफिरण्याचा 1976 पूर्वीचा वृत्तान्त फारसा नाही: शाळेने सिंहगडावर नेले आणि तिथे आम्ही मडक्यातले दही खाल्ले. 1986 नंतरची पंधरा वर्षे तर वगळलेलीच बरी. त्या काळात माझे सोबती डोंगरापेक्षा पाठपिशव्यांच्या पट्ट्यांविषयी अधिक बोलू लागले आणि मी कंटाळून घरी बसू लागलो. मध्ये उरते ते 1976 ते 1986 हे गड हिंडणाऱ्या आमच्या मंडळाचे दशक.

राजमाची नवशिक्यांना मानवते याचे कारण तिची वाट. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या धरणावरून निघालेला रस्ता सुमारे पंधरा-सोळा किलोमीटर चालवतो खरा, पण दमछाक होईल असा चढ त्यात नाही. उलट कर्जतच्या बाजूने, कोंदिवड्याहून येणारी वाट उभी छातीवर येते. म्हणून आमच्या मंडळाचा शिरस्ता असा, की शनिवारी रात्री लोणावळ्यास उतरावे, चांदण्यात रात्रभर चालून उधेवाडी गावास पोचावे, दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले, त्यांच्या खिंडीतले भैरवनाथाचे देऊळ आणि उदयसागर तलाव पाहावा, आणि मग कोंढाण्याची लेणी पाहत कर्जतकडे उतरावे. 1978 साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि नोकरदारांचीही सोय झाली. तंबू आमच्यापैकी कोणाजवळ नव्हता. घोंगडी, विजेरी, जर्मनचे एक काळे ठिक्कर पातेले आणि गावातल्या एखाद्या घराची पडवी एवढ्यावर तेवीस माणसांचा मुक्काम होई. गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ वाचून आलेला एखादा तरी गडी प्रत्येक सहलीत असे, आणि तो उधेवाडीच्या प्रत्येक वृद्धाकडे संशयाने पाही.

माझ्याकडे काम पिछाडीचे होते. आघाडीवर नायक, शेवटी मी, आणि माझ्या मागे कोणीही नाही, एवढाच त्या कामाचा अर्थ. परंतु तो सांभाळणे किती अवघड असते हे तरुण पायांच्या माणसालाच कळते, कारण त्याला दर पाच मिनिटांनी पुढे धावावेसे वाटते. तुंगार्लीला शिरगणती, वाटेत दोनदा शिरगणती, आणि उधेवाडीस पोचल्यावर हजिरीवहीत नोंद: शेवटी कोण आले, किती वाजता. लज्जित करण्यासाठी ही नोंद नव्हती. तो माणूस पोचल्याखेरीज सहल पोचली असे मानायचे नाही, ही त्यामागची कल्पना.

1979 च्या मार्गशीर्षात, पौर्णिमेला दोन दिवस उरले असताना, मामलेदार कचेरीतले एक अव्वल कारकून आमच्याबरोबर आले. वय पन्नाशीचे, पायांत चामड्याच्या वहाणा, हातात छत्री. मध्यरात्र उलटल्यावर ते एका जांभळीखाली बसले आणि म्हणाले, ‘अहो, माझी नोंद इथेच करून टाका आणि तुम्ही पुढे व्हा.’ मी बसलो. त्यांच्या पिशवीतल्या दशम्या निघाल्या, आणि फेरफार, वहिवाट, सात-बाराचा उतारा, एकाच विहिरीवर सात भावांचा हक्क कसा लागतो, या विषयांवर मी आयुष्यात ऐकलेले सर्वोत्तम व्याख्यान त्या झाडाखाली झाले. मधूनमधून आम्ही चालतही होतो. उधेवाडीस पोचलो तेव्हा ऊन पडले होते. त्यांनी माझ्या हातून वही घेतली आणि सरकारी वळणाच्या अक्षरात स्वतःच लिहिले: ‘हजर, सकाळी 7.40. विलंबाचे कारण: चांदणे.’

आमचे नायक त्या दिवशी पहाटे तीनलाच पोचले होते आणि आमच्या वाट्याची खिचडी संपली होती. त्यांच्याविषयी इतकी वर्षे मी मौन पाळले, आता पाळत नाही. त्यांना शिखर दिसे, माणसे दिसत नसत. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी ‘अक्षम सभासदांना’ परीक्षा घेऊनच प्रवेश द्यावा असा ठराव मांडला; तो माझ्यासह चौघांनी हाणून पाडला, तरी त्याचे बीज राहिले. 1986 साली मंडळ मोडले ते एका स्टोव्हच्या आणि तीनशे चाळीस रुपयांच्या हिशेबावरून, असे सांगतात. ती केवळ सबब होती. साठीची अट वाचताना मला त्यांचीच आठवण झाली, आणि त्यांनाही आता हा अर्ज भरता येणार नाही या विचाराने, खोटे कशाला बोला, थोडे बरे वाटले.

अखेर नातीची सहल निघाली त्याच संध्याकाळी मी वेगळी जीप ठरवून उधेवाडीस गेलो. हल्ली तिथवर गाडी जाते. 2025 साली मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत राजमाची नाही, ही मी तिच्यावरची कृपा समजत होतो. पण गर्दीला यादी लागत नाही. तंबू इतके दाट, की एकाच्या दोरीत दुसऱ्याचा पाय अडकावा. काजव्याचा नर आपल्या प्रकाशाने मादीला साद घालतो, आणि शेकडो विजेऱ्यांच्या झोतात ती साद बुडून जाते. त्यातच ध्वनिवर्धकावर गाणी चाललेली. नातीच्या सहलीचा व्यवस्थापक मुलगा मोठा नम्र. मी विचारले, ‘पिछाडीला कोण आहे?’ तो म्हणाला, ‘काका, सगळ्यांच्या मनगटावर आमची पट्टी आहे.’ एवढ्यात दोन मुली अंधारातून लंगडत आल्या. त्या मागे राहिल्याचे कोणास ठाऊक नव्हते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की आमच्या वेळी मुलीस यायचे तर वडिलांची लेखी संमती लागे, आणि माझी नात कोणासही न विचारता आली होती. गावकऱ्यांच्या हाती आज पैसा येतो. आम्ही त्यांना तेल-मीठ आणि आभार देऊन निघत असू. तो काळ परत यावा असे मी म्हणत नाही.

वही मात्र परत हवी आहे. लाल कापडी पाठीची, दोनशे पानी, आडव्या रेघांची. मंडळ मोडले तेव्हा ती नायकांच्या घरी होती. त्यांचे बिऱ्हाड पुढे सदाशिव पेठेतून कोथरूडला गेले, त्यात ती रद्दीत निघाली असण्याचा संभव आहे. कोणा वाचकाच्या हाती लागल्यास 1979 चे पान पाहावे, चांदण्याची नोंद आढळली तर ती हीच वही समजावी, आणि या पत्रिकेच्या पत्त्यावर मला कळवावे. टपालखर्च मी देईन.