ई-साक्ष्य

ई-साक्ष्य हे भारतातील पोलीस अधिकाऱ्यांसाठी तयार केलेले मोबाइल ॲप आहे. गुन्ह्याच्या घटनास्थळाचे, झडतीचे आणि जप्तीचे चित्रीकरण जागेवरच करून ते न्यायालयापर्यंत सुरक्षितपणे पोहोचवणे हा त्याचा उद्देश आहे. हे ॲप राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केले आहे. केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी ४ ऑगस्ट २०२४ रोजी चंडीगढ येथे ई-साक्ष्य, न्याय सेतू, न्याय श्रुती आणि ई-समन या चार प्रणालींचे उद्घाटन केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी चित्रीकरणाचे जे बंधन घातले, त्याच्या पूर्ततेसाठी ई-साक्ष्यचा वापर केला जातो.

पार्श्वभूमी

भारतातील पोलीस तपासात घटनास्थळाची नोंद परंपरेने पंचनाम्याद्वारे केली जाते. तपासी अंमलदार पंचांसमक्ष जागेची पाहणी करतो, सापडलेल्या वस्तूंचे वर्णन लिहितो, त्या मोहोरबंद करतो आणि पंचांच्या सह्या घेतो. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ नुसार झडतीच्या वेळी परिसरातील किमान दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी हजर असणे अपेक्षित होते. नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे.

या पद्धतीचा कमकुवत दुवा खटल्याच्या वेळी उघड होतो. खटला अनेकदा घटनेनंतर काही वर्षांनी उभा राहतो. तोवर पंचांना तपशील आठवत नाहीत किंवा ते फितूर होतात. पंचनामा जागेवर न लिहिता पोलीस ठाण्यात बसून लिहिला, पंचांच्या कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, असे आक्षेप बचाव पक्षाकडून घेतले जातात. वस्तू खरोखर त्या ठिकाणी आणि त्या वेळी सापडली का, याचे उत्तर मग केवळ पोलिसांच्या साक्षीवर अवलंबून राहते. यामुळे एखादा दोषी आरोपी सुटू शकतो, तसेच एखादा निर्दोष मनुष्य बनावट जप्तीत अडकूही शकतो.

पोलीस ठाण्यातील कागदपत्रांचे संगणकीकरण याआधीच सुरू झाले होते. २००९ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,००० कोटी रुपयांच्या सीसीटीएनएस प्रकल्पास मान्यता दिली. या प्रकल्पामुळे प्रथम खबर अहवाल, अटकेची नोंद आणि दोषारोपपत्र संगणकावर आले. मात्र नोंद करण्याची जागा पोलीस ठाण्यातील टेबल हीच राहिली. घटनास्थळी हाताने लिहिलेला मजकूर नंतर ठाण्यात संगणकावर भरला जात असे. २०१८ मध्ये शफी मोहम्मद विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटनास्थळाच्या चित्रीकरणाचा वापर टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे निर्देश दिले.

कायदेशीर आधार

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ या कायद्यातील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

कलम १०५ : झडती, जप्ती, जप्त वस्तूंची यादी तयार करणे आणि त्या यादीवर साक्षीदारांच्या सह्या घेणे या संपूर्ण प्रक्रियेचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणे बंधनकारक आहे. त्यासाठी शक्यतो मोबाइल फोन वापरावा, असे कलमात म्हटले आहे. हे चित्रीकरण विनाविलंब जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्याकडे पाठवावे लागते.

कलम १७६ (३) : सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत देण्यात आली आहे.

कलम १८० : साक्षीदाराचा जबाब दृक्‌श्राव्य माध्यमातून नोंदवण्याची मुभा आहे. येथे सक्ती नाही.

कार्यपद्धती

अधिकारी आपल्या खात्याने ॲपमध्ये प्रवेश करून संबंधित गुन्ह्याची नोंद उघडतो आणि चित्रीकरण सुरू करतो. चित्रीकरणासोबत दिनांक, वेळ आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. शेवटी अधिकाऱ्याला स्वतःचे छायाचित्र काढावे लागते. त्यामुळे चित्रीकरण कोणी केले याची नोंद राहते. हा मजकूर पुढे सुरक्षित मेघसंचयात साठवला जातो आणि आयसीजेएस या आंतरप्रणालीमार्फत न्यायालयास उपलब्ध होतो. पोलीस, न्यायालय, कारागृह, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि अभियोग विभाग या पाच घटकांच्या संगणक प्रणाली आयसीजेएसने परस्परांशी जोडल्या आहेत.

उदाहरणार्थ, घरझडतीत कपाटातून चोरीचे दागिने हस्तगत झाले, तर कपाट उघडण्यापासून दागिन्यांची यादी व पंचांच्या सह्यांपर्यंतचा क्रम चित्रीकरणात यावा लागतो. चित्रीकरणामुळे पंचनामा रद्द होत नाही. लेखी पंचनामा आणि पंच दोन्ही आवश्यकच राहतात. चित्रफितीमुळे त्यांची पडताळणी करणे शक्य होते.

पुराव्याची ग्राह्यता

संगणकीय पुराव्यात फेरफार करणे सोपे असल्याने तो न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र जोडावे लागते. या विषयावरील महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातील एका निवडणूक याचिकेतून पुढे आला. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारल्याचा आक्षेप होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफिती हा त्यातील पुरावा होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल, तर त्यातील नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये हा दंडक कायम असून प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्य नमूद करावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिती पद्धतीने काढलेली ठरावीक लांबीची खूण होय. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. चित्रफितीचा अगदी लहान भाग बदलला तरी हे मूल्य पूर्णपणे बदलते. त्यामुळे घटनास्थळी तयार झालेली फाइल आणि न्यायालयात सादर झालेली फाइल एकच आहे का, हे तपासता येते.

मर्यादा

हॅश मूल्यामुळे केवळ चित्रीकरणानंतरचा फेरफार उघड होतो. चित्रीकरण सुरू होण्यापूर्वी काय घडले किंवा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर काय होते, हे त्यावरून समजत नाही. आधी वस्तू ठेवून नंतर चित्रीकरण सुरू केले, तर फाइल तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही पुरावा खोटा असू शकतो. म्हणून चित्रीकरण झडतीच्या आरंभापासून सलग असणे महत्त्वाचे ठरते.

कलम १०५ नुसार चित्रीकरण बंधनकारक असले, तरी ते न केल्यास जप्तीचे काय होईल, हे त्या कलमात सांगितलेले नाही. तो प्रश्न न्यायालयीन निर्णयांवर सोपवलेला आहे.

दुर्गम भागात नेटवर्क नसल्यास चित्रफीत पाठवण्यास विलंब होतो. याशिवाय खासगी घराच्या आतील भागाचे, पीडित व्यक्तींचे आणि तेथे हजर असलेल्या इतरांचे चित्रण त्यात येत असल्याने गोपनीयतेचा प्रश्न निर्माण होतो. दुसरीकडे, आरोपीला बचावासाठी याच चित्रफितीची गरज असते. पी. गोपालकृष्णन विरुद्ध केरळ राज्य या २०१९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मेमरी कार्डमधील मजकूर हा दस्तऐवज असून सामान्यतः त्याची प्रत आरोपीला द्यावी, असे म्हटले. मात्र पीडितेच्या गोपनीयतेस बाधा येत असल्यास प्रतीऐवजी केवळ पाहण्याची परवानगी देता येते.