सौर पंपाची नियंत्रक पेटी : ती कोठे व कशी बसवावी

केंद्र शासनाची २०१९ सालची ‘पीएम-कुसुम’ आणि राज्य शासनाची २०२४ सालची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनांतून ३, ५ व ७.५ अश्वशक्तीचे सौर पंप शेतोशेती उभे राहिले आहेत. पंप बसला म्हणजे शेतकऱ्याचे लक्ष वरच्या पॅनेलांकडे आणि पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडे जाते. या दोहोंच्या मध्ये खांबास अडकवलेली जी लहानशी पेटी असते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक पॅनेलातून येणारा डी.सी. प्रवाह मोटरीस योग्य असा करून देण्याचे काम याच पेटीतील इन्व्हर्टर करतो. पेटी थांबली की ऊन असूनही पाणी थांबते.

पेटीचा पहिला शत्रू उष्णता होय. ५ अश्वशक्तीच्या पंपास सुमारे ५ किलोवॅटची पॅनेले लागतात. प्रवाहाचे रूपांतर होताना त्यातील शेकडा तीन-चार भाग शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणजे भर दुपारी बंद पेटीत शंभर वॅटचे दीड-दोन दिवे जळत असल्याप्रमाणेच ते आहे. त्यात विदर्भातील मे महिन्याचे ऊन थेट पेटीवर पडले, तर आतील यंत्रणा स्वतःच्या बचावासाठी प्रथम पंपाचा वेग कमी करते व पुढे पंप बंद करते. ऊन कडक असताना पाणी का घटले, हे कोडे पुष्कळदा याच कारणाने पडते. यास्तव पेटी पॅनेलांच्या सावलीत, खांबाच्या उत्तर अंगास बसवावी. तिच्या सभोवती निदान एक वीत जागा मोकळी असावी. पाठीमागील धातूच्या पात्यांवर धूळ साचू देऊ नये. पावसापासून रक्षण व्हावे म्हणून काहीजण पेटीस गोणपाट किंवा प्लॅस्टिक गुंडाळतात. त्यामुळे रक्षण न होता ती आतल्या आत भाजून निघते.

पावसासाठी निराळी तरतूद असतेच. पेटीवर ‘आय.पी. ६५’ असा अंक पाहावा. त्यातील ६ म्हणजे धूळ मुळीच आत न जाणे आणि ५ म्हणजे कोणत्याही दिशेने आलेला पाण्याचा फवारा सोसणे. मात्र पाण्यात बुडण्यापासून हा अंक हमी देत नाही. म्हणून ओढ्याकाठच्या शेतात पेटी पुराच्या खुणेच्या वर असावी. तसेच बसवताना पेटीस वरून छिद्र पाडले, तर त्या अंकास काही अर्थ उरत नाही. तारा नेहमी खालच्या बाजूने, रबरी ग्लँडमधून घ्याव्यात व आत शिरण्यापूर्वी त्यांना खाली बाक द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तेथेच गळून पडते. रिकामी छिद्रे बुजवावीत. मुंग्या व पाली यांना तेवढीच वाट पुरते.

आता धोक्याविषयी. उजेड आहे तोवर पॅनेलातील वीज बंद करता येत नाही, आणि जोडलेल्या पॅनेलांचा दाब कित्येक शे व्होल्ट असतो. घरातील ए.सी. प्रवाह सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी चटकन विझते, डी.सी.ची ठिणगी तशी विझत नाही, ती जळत राहते. म्हणून घरगुती बटण येथे चालत नाही, डी.सी.साठीच बनवलेला स्विच हवा. पंप चालू असताना पॅनेलांचे जोड ओढून काढणे तर जिवावर बेतेल. आधी पंप बंद करावा, नंतर स्विच. त्यानंतरही पॅनेलाकडील तारा जिवंतच असतात.

सांगाडा, पेटी व मोटर यांस अर्थिंग हवे. तडितरक्षकाचे अर्थिंग मात्र स्वतंत्र खड्ड्यात असावे. वळवाच्या दिवसांत मराठवाडा व विदर्भात विजा फार पडतात. आभाळ गडगडू लागले की सांगाड्याजवळ थांबू नये. मीठ-कोळशाचा खड्डा असल्यास उन्हाळ्यात त्यात पाणी घालीत जावे, कारण कोरड्या मातीतून वीज जमिनीत नीट उतरत नाही.

योजनेतील पंपास पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते, तेव्हा पेटी स्वतः उघडू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर शेतकऱ्याची सही होण्यापूर्वीच पेटीची जागा, ग्लँड व दोन्ही खड्डे समक्ष पाहावेत. पेटी उन्हात असेल, तर ती त्याच दिवशी हलवून घ्यावी. बसवणारी माणसे निघून गेल्यावर तारा अपुऱ्या पडतात आणि मग मधे जोड द्यावा लागतो.