होल्स्टनची शीव

चेरोकी राष्ट्र आणि अमेरिकन संघराज्य यांच्यातील सीमा-तहांचा विचार करताना मसुद्यातील कलमांइतकेच लक्ष जमिनीवरील मोजणीकडे द्यावे लागते, कारण तहावर सही होणे आणि प्रत्यक्ष शीव आखली जाणे यांच्या दरम्यान जो काळ जाई, त्यातच वसाहतवाल्यांची घरे पुढे सरकत.

नोव्हेंबर 1785 मध्ये दक्षिण कॅरोलायनातील होपवेल येथे चेरोकींनी स्वतःच्या मुलखाचा नकाशा आयुक्तांपुढे ठेवला. फ्रेंच ब्रॉड आणि होल्स्टन नद्यांच्या दुआबात सुमारे 3,000 गोरे आधीच घुसले होते, आणि इतक्या लोकांना उठवता येणार नाही असे आयुक्तांनी सांगताच, इंग्लंडच्या राजाला हरवणाऱ्या काँग्रेसला एवढी माणसेही हलवता येत नाहीत काय, असे वयोवृद्ध नेते ओल्ड टॅसल यांनी विचारले. या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही. दुआबाचा निर्णय काँग्रेसवर सोपवण्यात आला.

2 जुलै 1791 च्या होल्स्टन तहात, नवी रेषा लिटल रिव्हर आणि टेनेसी यांचे पाणी विभागणाऱ्या डोंगरधारेपाशी होल्स्टन ओलांडेल असे ठरले. अशा धारेला जलविभाजक म्हणतात. तिच्या दोन उतारांवरचा पाऊस दोन वेगळ्या नद्यांना मिळतो, त्यामुळे ती शिकाऱ्यालाही कोणत्याही यंत्राविना ओळखता येते. तिथून पुढची सरळ रेषा मात्र डोळ्यांना दिसत नाही, ती मोजावीच लागते. संघराज्याची तीन आणि चेरोकींची तीन माणसे मिळून ती आखतील, असे कलम होते. बेंजामिन हॉकिन्स यांच्या पथकाने ती 1797 मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी आखली.

त्या काळच्या मोजणीत होकायंत्राने दिशा धरली जाई आणि 100 कड्यांची, 66 फुटी लोखंडी साखळी पुढे पुढे टाकली जाई. अशा 80 साखळ्यांचा एक मैल होई. (महाराष्ट्रातील गुंठा म्हणजे तिच्या निम्म्या, 33 फूट लांबीचा चौरस.) वाटेतल्या झाडांची साल कुऱ्हाडीने तासली जाई, आणि ती खूणच शिवेच्या दगडाचे काम करी.

आखणीनंतर पॉवेल खोऱ्यातली कित्येक घरे चेरोकींच्या हद्दीत निघाली आणि सैन्याने ती उठवली. पण ऑक्टोबर 1798 च्या टेलिको तहाने, 5,000 डॉलरचा माल आणि वर्षाला आणखी 1,000 डॉलरचा माल यांच्या बदल्यात, चेरोकींकडून पुन्हा जमीन घेण्यात आली, आणि वर्षभरापूर्वी साल तासलेली काही झाडे संघराज्याच्या हद्दीत जाऊन पडली.